मास्तरांच्या लेकीचं कटिंग

चाळीस वर्षं कोट शिवले, नाव कमावलं, पण मास्तरांच्या मनात एक सल होतीच. एकुलत्या एक लेकीने कात्री काही हातात धरली नाही. गिऱ्हाइकाने विचारलंच तर, “कॉम्प्युटरात काहीतरी करते,” म्हणायचे आणि लगेच बाहीचं माप घ्यायला लागायचे. आपली विद्या आपल्याबरोबरच जाणार, हे ते धरूनच चालले होते.

त्या दिवशी ही बया चष्मा घरीच विसरली. तो द्यायला मास्तर भर दुपारी तिच्या ऑफिसात पोचले, तर तिथे नुसती पळापळ! रुग्णवाहिका बोलवायचं ॲप बंद पडलं होतं. दहा मिनिटांपूर्वी त्याची नवी आवृत्ती चढवली आणि ॲप चालतं त्या तिन्ही शहरांत लोकांना कोरी स्क्रीन दिसायला लागली.

साहेब लेकीच्या डोक्यावर उभे होते. “अगं, चालू सर्व्हरवरच हाताने दुरुस्त कर ना! दोन ओळींचं काम!”

“नाही सर. हाताने केलेलं ॲपच्या मूळ पॅकेजमध्ये येत नाही. पुढची आवृत्ती चढवली की पुसलं जातं. मागे तेच झालं होतं.”

“तिकडे माणसं खोळंबलीत!”

“म्हणूनच नाही म्हणतेय.”

मास्तर चष्मा हातात धरून ऐकत होते. साहेबाला उलट उत्तर! गेली हिची नोकरी.

लेकीने त्यांच्या हातून चष्मा घेऊन डोळ्यांवर चढवला आणि एक यादी उघडली. प्रत्येक आवृत्तीला नंबर, पुढे तारीख. बेचाळीस नंबरची बिघडलेली, एक्केचाळीस नंबरची दहा मिनिटांपूर्वीपर्यंत ठणठणीत. तिने एकच ओळ टाइप केली: एक्केचाळीसवर परत. स्क्रीनवरचे तिन्ही शहरांचे लाल ठिपके एकेक करत हिरवे झाले. मिनिटभरात पहिली गाडी सुटल्याची नोंद आली आणि साहेब मटकन खुर्चीत बसले.

“केलंस काय तू?” मास्तरांनी हळूच विचारलं.

“पॅकेज म्हणजे तुमचा कटिंगचा कागद, ज्यावरून कापड बेतता तो, बाबा. कागद एकच, प्रत्येक शहराचं माप वेगळ्या चिठ्ठीवर. बदल हवा तर नवा कागद कापायचा, त्यावर नंबर घालायचा, आणि जुना…”

“जुना खिळ्यावरून काढायचा नाही,” मास्तरांच्या तोंडून निघून गेलं.

“लहानपणी बाहुलीच्या झग्यासाठी मी एक जुना कागद कापला होता, तर दोन दिवस अबोला धरला होतात! इथे हा नियम मीच लावला. सगळे हसले होते.”

“काका, सगळ्यात जास्त मी हसलो होतो,” साहेब घाम पुसत म्हणाले.

मास्तरांनी लेकीच्या डोक्यावर हात ठेवला आणि तडक दुकान गाठलं.

संध्याकाळी एक नवं गिऱ्हाईक कोटाचं माप द्यायला आलं. बोलता बोलता त्याने विचारलं, “मुलगी काय करते तुमची?”

मास्तरांनी हातातली टेप खाली ठेवली.

“कटिंग,” ते म्हणाले. “आणि माझ्यापेक्षा झकास करते!”