सतरंजीची वाटणी

मी एक जुनी सतरंजी आहे. खरं सांगायचं तर अर्धी आहे. उरलेली मी गल्लीच्या पलीकडच्या टोकाला, कल्याण नावाच्या माणसाच्या घरात पडलेली असते.

मित्रांनो, माझा जन्म वडीगोद्रीच्या पुढच्या एका लहान गावात, प्रभू येशूच्या मंडळीत, म्हणजे ख्रिस्ती लोकांत झाला. एका वर्षी कापणीच्या सणाला प्रत्येक घरानं आपल्या वेचणीतला कापूस आणून वेदीपुढं ठेवला. त्याच कापसाची मी विणले गेले, लाल-निळ्या पट्ट्यांची, ऐसपैस. केशरबाई तेव्हा नवी नवरी होती. तिच्या ओंजळीतला कापूस माझ्यात कुठं आहे, ते मला अजून सांगता येईल.

पुढं कितीतरी वर्षं मी सुखात काढली. उपासनेला सगळे माझ्यावर गुडघे टेकायचे. प्रीतिभोजनाला पत्रावळी माझ्याभोवती मांडायच्या आणि रस्सा हमखास माझ्यावर सांडायचा. कुणी वारलं, की त्याला मंदिरात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, माझ्यावर निजवायचे. मग माझी चार टोकं चौघांनी धरायची आणि मला उचलून त्या माणसाला पेटीत ठेवायचं, अशी आमच्याकडची रीत. केशरबाईचा नवराही माझ्यावरूनच गेला. तिची दोन्ही मुलं, देवानंद आणि कल्याण, माझ्यावरच रांगली. दोघांनी मला किती वेळा ओलं केलं, ते मी आता बोलत नाही.

मोठेपणी देवानंद मंडळीचा वडील, म्हणजे पुढारी झाला. पाळक, म्हणजे आमचे धर्मगुरू, महिन्यातून एकदा जालन्याहून यायचे. एरवी उपासना तोच चालवायचा. कल्याण मोबाइलवर कुणाकुणाची प्रवचनं ऐकायचा. एका रविवारी सगळे विश्वासाची कबुली म्हणत होते. पुत्र येशू हा सर्व युगांच्या आधी पित्यापासून जन्मला, ही ओळ आली आणि कल्याण गप्प राहिला.

"म्हणत का न्हाईस रे?" देवानंदनं विचारलं.

"भाऊ, बाप आधी असतो, मंग पोरगं. एक येळ अशी असंलच ना, जव्हा पुत्र नव्हता? पटत न्हाई ते मी देवापुढं कसं म्हणू?"

"अन् पोरगं नसताना त्याला बाप कोण म्हणंल? देव आधी नुसता देव व्हता अन् मंग बाप झाला, आसं म्हन्तोस? देव काय बदलतो व्हय? दिवा लावला की उजेड काय मागून येतो?"

प्रश्न लहान नव्हता, मित्रांनो. मोठमोठ्या माणसांनी त्यावर जन्म घालवले आहेत, असं पाळक म्हणायचे. मला तर दोघांचंही बोलणं ऐकावंसं वाटायचं. पण हळूहळू देवानंद कल्याणला पाखंडी म्हणू लागला. प्रभुभोजनाचा प्याला त्याला न देता त्याच्यापुढून तसाच पुढं जाऊ लागला. मग कल्याणनं निम्मी मंडळी घेऊन स्वतःच्या ओसरीत उपासना सुरू केली आणि निघताना माझ्यावर हक्क सांगितला. शेताची वाटणी करावी तशी माझी वाटणी झाली. विळ्यानं मला मधोमध कापलं. कुणावर अन्याय होऊ नये म्हणून अगदी बरोबर मधोमध.

केशरबाई तेव्हा मंदिराच्या पायरीवर बसून होती. ती म्हणाली, "पुत्र कव्हापासून पुत्र, ह्याच्यावर भांडून राह्यलेत. मी कव्हापासून तुमची माय हाव, ते इचारा की येकानं."

मग तिनं एकच हट्ट धरला. मरायच्या आधी मला पुन्हा जोडायचं आणि अखंड सतरंजीवरूनच जायचं. थोरली सून प्रेमला हिनं मला तिच्या मांडीवर आणून दिलं. केशरबाईनं दाभणात दोरा ओवला, माझा कापलेला काठ दुमडून पक्का केला आणि दुसऱ्या तुकड्याची वाट पाहत बसली. "आणतो माय," कल्याण म्हणायचा, "पर आधी भाऊनं ती ओळ सोडावी." ओळ सुटली नाही आणि तुकडाही आला नाही. कापसाची शेवटची वेचणी उरकली आणि केशरबाई गेली.

तेव्हा मात्र कल्याण रडत रडत तुकडा घेऊन मंदिरात आला. आम्हा दोघींना काठाला काठ लावून अंथरलं. कितीतरी दिवसांनी माझी लाल पट्टी माझ्याच लाल पट्टीला लागली. केशरबाईला माझ्यावर निजवलं. आता सगळं ठीक होईल, असं मला वेडीला वाटलं.

देवानंदनं कबुली सुरू केली. ती ओळ आली. कल्याण गप्पच.

"मायपुढं तरी म्हण!"

"मायपुढं खोटं बोलू व्हय?"

दोघं लालबुंद झाले. त्या रागातच डोक्याकडची दोन टोकं देवानंद आणि त्याच्या एका माणसानं धरली, पायाकडची कल्याण आणि त्याच्या माणसानं, आणि सवयीप्रमाणे मला उचललं. मधे शिवण नाही, हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही. मला ओरडता आलं असतं, तर मी ओरडले असते. मी मधून फाकले आणि केशरबाई थंड फरशीवर पडली.

दोघं भाऊ एकदमच खाली वाकले. आईच्या पाठीखाली दोघांचे हात एकमेकांवर पडले. तिला त्यांनी हातांवरच उचलून पेटीत ठेवलं. माती देऊन झाल्यावर प्रत्येकानं आपापला तुकडा घडी घालून घरी नेला.

आता देवानंदच्या ओसरीत कापसाच्या ढिगावर मला टाकतात. उंदरांनी एक कोपरा कुरतडला आहे. मित्रांनो, जुन्या सतरंजीचं एवढं ऐका. मोठे प्रश्न जरूर विचारा, त्यावर कडाकडा भांडा, पण भांडताना एका अंथरुणावर बसा. माझं ऐकायला या घरात आता कुणी नाही. प्रेमला तेवढी कधी जवळ येते. केशरबाईचं दाभण, दोरा ओवलेलं, तिनं माझ्या काठात तसंच टोचून ठेवलं आहे. पण शिवायला दुसरा काठ लागतो, आणि तो गल्लीच्या पलीकडं आहे.