बघून बघून तपकिरी झालेला खडा

मित्रांनो, मी एक जुना मिठाचा खडा आहे. तुम्ही म्हणाल, हा तर बाकीच्यांसारखाच दिसतो. नाही. मी एकदा तपकिरी होऊन परत पांढरा झालोय. असं दुसऱ्या कुणाचं झालं असेल तर दाखवा.

माझा जन्म पेणच्या बाजूला, खाडीकाठच्या मिठागरात. धर्मा आणि कमळ, दोघं नवरा-बायको, भरतीचं पाणी वाफ्यात घ्यायचे आणि उन्हावर सोडायचे. पाणी आटलं की आम्ही तळाला धरायचो. धर्मा लांब दांड्याच्या फळीने आम्हाला कडेला ओढायचा, पण लगेच उचलायचा नाही. अजून ऊन खाऊ दे म्हणायचा. आगरावर सगळ्यांचा एकच विश्वास, जितकं ऊन जास्त तितकं मीठ चोख. हे लक्षात ठेवा, पुढे ह्यानेच घोळ झाला.

त्या वर्षी आमची रास मोठी लागली होती. बांधावर उभी राहिली की लांबून चमकायची. पण दयाराम व्यापारी आला, चिमूटभर जिभेवर ठेवलं आणि तोंड वाकडं केलं. वरच्या अंगाला कोळंबीचे तलाव झालेत, त्यांचं पाणी तुमच्या खाडीत येतं, म्हणाला. "तपासून आणा, मग गाडी लावतो." रास पावसाळ्याच्या आत उचलली नाही तर सगळी विरघळणार. वर्षभराची मेहनत परत खाडीत.

धर्माची मुलगी प्राप्ती मुंबईत मोठ्या प्रयोगशाळेत शिकत होती. तिने पिशवीभर मीठ नेलं आणि त्यातला सगळ्यात देखणा खडा निवडला. म्हणजे मी. खोटं कशाला बोलू, छाती फुगली माझी.

मला धातूच्या पट्टीखाली अडकवलं आणि एका डब्यात बंद केलं. आतली हवा ओढून घेतली. मग माझ्यावर क्ष-किरण पडायला लागले. अंगाच्या अगदी वरच्या थरात काय काय आहे, ते त्या किरणांनी कळतं म्हणे. ना ऊब, ना वारा. नुसतं कुणीतरी टक लावून बघतंय आणि पापणी मिटत नाही, असं वाटत होतं. प्राप्ती आगरावर वाढलेली. तिने मला किरणांत ठेवलं आणि जेवायला गेली. जास्त वेळ ठेवलं की निकाल चोख येईल, असं तिला वाटलं. मी आतून मोडत होतो, पण सांगणार कुणाला?

पडद्यावर आलेखात एक छोटा उंचवटा दिसला. तिचे रत्नपाल सर वाकून बघत राहिले. नायट्राइट, म्हणाले. अपायकारक असतं ते. असं मीठ खाण्यात जाऊ देता येणार नाही.

प्राप्तीने घरी फोन लावला. धर्माने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मंग रास खाडीन लोटायची का गो बाय?" मागून कमळचा आवाज आला. "पोरीला शिकवली, ती आपलेच मिठाला नावं ठेवाला."

प्राप्तीने फोन ठेवला, डोळे पुसले आणि मला बाहेर काढलं. काढताना थांबली. मी तपकिरी झालो होतो. सगळा नाही. पट्टीखाली झाकलेला भाग अजून पांढराच होता.

"सर, रंग आपल्या किरणांनी आणला ना? मग नायट्राइट पण आपणच आणलं नसेल कशावरून?"

सरांनी मला उजेडाकडे धरून फिरवून बघितलं. जरा हसले. "लाव दुसरा खडा. आणि ह्या वेळी आगराची सवय घरी ठेव."

दुसरा माझ्याच पिशवीतला, माझा भाऊ. त्याच्यावर किरण पडले न पडले तोच आलेख घेतला. उंचवटा नाही. मग मुद्दाम तसंच ठेवून परत घेतला. उंचवटा आला, आणि बघत गेले तसा वाढत गेला. माझ्या अंगावर खाडीतून आलेलं थोडंसं नायट्रेट होतं, शेतातल्या खताचं, त्रास न देणारं. किरणांनी तेच मोडून त्याचं नायट्राइट केलं होतं. तरी सरांनी तेवढ्यावर सोडलं नाही. मीठ पाण्यात विरघळवून, किरणांशिवाय, वेगळ्या पद्धतीने तपासलं. स्वच्छ निघालं.

दयारामची गाडी बांधाला लागली. रास उचलली गेली. माझे सगळे भाऊ गेले, मी राहिलो.

प्राप्तीने मला घरी आणलं. कमळने मला बघितलं आणि बांधावरच्या दगडावर ठेवलं. त्या उन्हात माझा रंग हळूहळू उडाला. जे आत मोडलं ते मात्र जुळलं नाही.

मित्रांनो, कुणालाही तपासा, खुशाल तपासा. पण बघायला जो उजेड लावता, त्यानेच समोरचा करपत नाही ना, हे आधी बघा. नाहीतर डाग तुम्ही पाडणार आणि नाव त्याचं खराब होणार. ह्याचा राग मला अजून येतो.

गावातली माणसं मला बघायला यायची, हातात घेऊन उलटसुलट करायची. एक दिवस कमळने मला त्यांच्या हातातून काढून घेतलं आणि पदराच्या गाठीत बांधलं.

"पुरं झाला," ती म्हणाली. "आता याला कोन बगू नका."