खडूच्या चौकातली मोटार

मित्रांनो, मी एक जुनी मोटार आहे, पण माझ्यात बसायची घाई करू नका. तुमचा अंगठासुद्धा आत मावणार नाही. मी पत्र्याची आहे, चावीची आहे आणि एके काळी लालभडक होते. जिने मला घरभर पळवले ती मुलगी मोठी झाली, इस्त्रीच्या दुकानात कामाला लागली आणि मी बटणांच्या डब्यात जाऊन पडले.

डब्याचे झाकण नीट बसत नसे. फटीतून सगळे दिसायचे आणि दिसले की मी जळायचे.

एकदा ती घरी येऊन आईला म्हणाली, "गाडीवरचे काका तीन महिन्यांनी काम सोडतायत. मालक म्हणाले, तोवर लायसन्स काढलंस तर कपडे पोचवायची गाडी तुझी. नाहीतर बाहेरचा माणूस घेणार." वाफेने तिचे हात पोळून निघत. तिला ती गाडी हवीच होती, पण त्याआधी लेखी परीक्षा होती.

मला वाटले, मोटारीचा अभ्यास म्हटल्यावर आता माझी आठवण होणार. कसचे काय. तिने फोन उचलला. त्यात सराव परीक्षा होती. जेवताना फोन, उशाशी फोन. उत्तर बरोबर आले की तो टिंग वाजायचा आणि आई म्हणायची, "गुणाचा आहे हो." माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. मी चावीवर पलंगापर्यंत धावत असे. हा जागचा हलतसुद्धा नव्हता.

ती परीक्षेत नापास झाली. फोनची चांगली जिरली म्हणून मला बरे वाटले, पण ती न जेवता भिंतीकडे तोंड करून झोपली तेव्हा ते बरे वाटणे टिकले नाही.

"घरी तर सगळी बरोबर येत होती गं," ती दुसऱ्या दिवशी म्हणाली.

आईने फोन स्वतःकडे घेऊन प्रश्न वाचला. "सिग्नल नाही. तू गल्लीतून मोठ्या रस्त्यावर येतेयस. आधी कोण जाणार?"

"दुसरं."

"दुसरं काय?"

"दुसरं उत्तर."

"अगं, रस्त्यावर तुला उत्तरं ओळीनं कोण मांडून देणार आहे?"

फोन रोज तेच प्रश्न त्याच क्रमाने विचारत होता. तिला नियम पाठ झालेच नव्हते, पाठ झाल्या होत्या उत्तरांच्या जागा.

मग आईने टेबलावर खडूने चौक आखला आणि डबा उघडला. साबणाची वडी बस झाली, काडेपेटी ट्रक झाली आणि गल्लीच्या तोंडाशी मी. प्रश्न फोनच विचारायचा, पण उत्तरांवर आईचा तळहात असायचा. "गाडी सरकव आणि का ते सांग." चुकले की आई म्हणायची, "गेलीस साबणाखाली." चुकलेला प्रश्न सकाळी चहाबरोबर पुन्हा यायचा. गल्लीच्या तोंडाशी ती मला बोटाने अडवून म्हणायची, "थांब गं बाई, मोठ्या रस्त्यावरच्याला आधी जाऊ दे." सगळी कसरत माझी आणि विचारायचा मान मात्र त्या फोनचा, हे मला शेवटपर्यंत सलत राहिले.

दुसऱ्या वेळी ती पास झाली. "उत्तरं उलटसुलट होती," ती म्हणाली, "पण मला सारखं आपलं टेबलच दिसत होतं."

पुढे गाडी चालवायची परीक्षाही ती पास झाली आणि दुकानाची गाडी तिला मिळाली. आता मी खिडकीत असते. खाली दुकानाची गाडी उभी असते, पांढरी, दिव्यांची. ती तिला रोज पुसते. मला शेवटचे कधी पुसले ते आठवत नाही. फोनही तिच्या शेजारी ऐटीत बसून जातो. जळायला आता दोघे झाले.

परवा ती गाडी घेऊन गल्लीच्या तोंडाशी थांबली. मागचा हॉर्न वाजवत होता. मोठ्या रस्त्यावरून एक सायकल येत होती. सायकल जाईपर्यंत ती हलली नाही आणि तिचे ओठ हलताना मला दिसले. ते शब्द मला पाठ आहेत. पहिल्यांदा ते मला सांगितले होते, त्या पांढरीला नव्हे.

तेव्हा मित्रांनो, उत्तर पाठ करण्याआधी का ते विचारा. आणि जुने खेळणे डब्यात ठेवाल तेव्हा झाकण तेवढे घट्ट लावा. फटीतून दिसत राहिले की फार जळते हो.