हाडांचा चुरा

वसंत आला हे मला झाडांच्या आधी फौजदाराकडून कळायचं. फौजदार म्हणजे आमचा कुत्रा. दरारा काय तो नावातच. मांजर दिसलं की माझ्या पायांमागे येऊन उभा राहायचा. बारा वर्षांचा झाला होता. थंडीभर दारामागच्या पायपुसण्यावर मुटकुळं करून पडायचा आणि एक दिवस उठून कुंपणाच्या कडेने पुरी फेरी मारायचा. त्या दिवशीची तारीख मी वहीत लिहायचो. मग दोन-चार दिवसांत पीचच्या उघड्या फांद्यांवर कळ्या फुगायच्या, लिलीचे कोंब माती फोडायचे.

यंदा त्याने फेरी मारली नाही. सरळ ताईच्या गुलाबांच्या वाफ्यात गेला आणि उकरायला लागला.

ताई माझी थोरली बहीण. घर तिचं, बाग तिची. निवृत्त झाल्यावर मी अकरा खोकी पुस्तकं आणि एक पिल्लू घेऊन तिच्याकडे राहायला आलो. ती आयुष्यभर इस्पितळात मेट्रन होती, मी ग्रंथालयात. तिच्या हाताखालच्या नर्सा तिला टरकून असत. माझ्या हाताखाली फक्त पुस्तकं होती, आणि त्यांचंही मला थोडं दडपण यायचं.

"पंडित, तुझ्या लाडक्याला काय झालंय? दोन रोपं मुळासकट बाहेर काढलीत."

"म्हातारा झालाय गं."

"म्हातारी मीही झालेय. मी उकरते का वाफे?"

काय झालं होतं ते मला ठाऊक होतं. थंडीत तिने मला गुलाबांना पालापाचोळ्याचं खत घालायला सांगितलं होतं. तेवढंच. पण एका जुन्या पुस्तकात मी वाचलं की हाडांचा चुरा पुरला तर वसंतात दुप्पट फुलं येतात. नर्सरीतून पिशवी आणली आणि ताई दातांच्या डॉक्टरकडे गेली असताना हातभर खोल पुरून टाकला. तिला चकित करायचं होतं. बागेत एक तरी गोष्ट माझ्यामुळे चांगली झाली, असं तिने म्हणावं, एवढाच लोभ. घरात कुत्रं असेल तर हे खत वापरू नये, वासाने ते जमीन उकरतं, असं त्याच पुस्तकात पुढच्या पानावर लिहिलं होतं. ते पान मी फौजदाराने उकरायला सुरुवात केल्यावर वाचलं.

सांगायलाच हवं होतं. मी वाक्यही तयार केलं: ताई, माझ्याकडून एक चूक झाली आहे. मग वाटलं, 'चूक' जरा जड होतं, 'गफलत' बरं. जेवताना तेच घोळवत होतो.

"काय पुटपुटतोयस? मीठ हवंय?"

मी हो म्हणालो. भाजीत मीठ बरोबर होतं. वरून आणखी घालून घेतलं आणि खारट जेवलो.

चौथ्या दिवशी ती त्याला पट्ट्याला धरून ओढायला गेली. खड्ड्यात तोंड खुपसून तो त्या वासाने वेडापिसा झाला होता. गर्रकन वळला आणि तिच्या मनगटाला चावला. लगेच सोडलं, आणि स्वतःच घाबरून पीचखाली जाऊन बसला. तीन टाके पडले. टाके घालणाऱ्या पोरीला ताईने सुई कशी धरायची तेही शिकवलं म्हणे.

घरी आल्यावर ती म्हणाली, "बुधवारी जनावरांच्या डॉक्टरीणबाईंची वेळ घेतलीय. इंजेक्शन देऊन त्याला मोकळं करू. चावरं जनावर मी घरात ठेवणार नाही."

"इतक्यात?"

"थांबण्यासारखं काही कारण असेल तर सांग."

कारण होतं. मी म्हणालो, "बघू."

"बघू काय? बघतच तर आलायस जन्मभर."

मध्ये दोन दिवस होते. चुरा गुपचूप उपसून टाकावा असंही मनात आलं, पण ताई हात गळ्यात बांधून खिडकीतच बसलेली असायची. फौजदाराला नळाशेजारी बांधलं होतं. पीच फुलला, मधमाश्या आल्या. मी जवळ गेलो की तो उन्हात पडल्या पडल्या शेपूट आपटायचा. मी तारीख लिहिली नाही.

बुधवारी डॉक्टरीणबाईंनी त्याचे डोळे पाहिले, कान पाहिले. "डोक्यात गाठ असू शकते. या वयात होतं. पण इतका शांत कुत्रा एकदम बिथरतो, तर आधी विचारते. घरात काही बदल? नवं खाणं, बागेत नवं काही टाकलंय?"

ताईने माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहत राहिली.

"पंडित, सांग. थंडीत बागेचं तूच केलंस."

टेबल गुळगुळीत होतं, फौजदाराचे पाय घसरत होते, म्हणून त्याने माझ्या कोपरावर हनुवटी टेकली होती. दोन शब्दांचं काम होतं. पण ते दोन शब्द बोलल्यावर या दोघी माझ्याकडे कशा बघतील, तेच मला दिसायला लागलं.

"नाही," मी म्हणालो. "विशेष काही नाही."

सुई टोचताना त्याने माझा हात चाटला. निदान मला तसं वाटलं. नक्की सांगता येत नाही.

चादरीत गुंडाळून त्याला घरी आणलं. ताई अवजारांच्या खोलीत गेली आणि एक रिकामी, घडी घातलेली पिशवी आणून तिने माझ्यासमोर पायरीवर टाकली.

"झारीच्या मागे खोचली होतीस. थंडीतच सापडली मला."

"तुला ठाऊक होतं?"

"चाळीस वर्षं वॉर्डात काढलीत मी. कोण काय लपवतंय ते मला दारातूनच कळायचं."

"मग बोलली का नाहीस?" माझा आवाज चढला. तिच्यासमोर पहिल्यांदाच असेल.

"चावला मला होता. वाचवायचा तुला होता." ती मनगटावरची पट्टी नीट करत होती. "तिथे टेबलापाशीसुद्धा थांबले मी. म्हटलं, मुक्या जनावरासाठी तरी हा तोंड उघडेल. जाऊ दे. फावडं घे. कमरेएवढा खण, ऊन वाढायच्या आत."

मी पीचखाली खणायला घेतलं. माती मऊ होती, तरी धाप लागत होती. शेजारचे घड्याळजी कुंपणावरून डोकावले.

"काय पंडित, बागकाम जोरात! काय लावताय?" मग त्यांना चादर दिसली. "अरे, फौजदार? काय झालं हो त्याला? परवा तर चांगला होता!"

ताई पायरीवरच उभी होती, ऐकू जाईल एवढ्या अंतरावर.

"वय झालं होतं," मी म्हणालो.