एका खाचेचा फरक
झाडलेल्या काडतुसाच्या पितळी पुंगळीच्या तळाजवळ, कडेपासून पाच मिलिमीटर वर, एका बाजूला फुगवटा आला होता. चंद्रकोरीच्या आकाराचा, नखाएवढा. खिशातल्या कॅलिपरने मोजला. पाव मिलिमीटरहून थोडा जास्त. तेवढ्या जागेत पितळ ताणून पातळ झालं होतं. पुढच्या बाराची पुंगळी तिथेच फाटण्याची शक्यता होती, आणि तसं झालं तर तापलेला वायू थेट मुठीत शिरतो.

मूठ आर्लोची होती, माझ्या भावाची. सोमवारी तो पाहुण्यांना घेऊन नदीवर निघणार होता. सॅमन मासे प्रवाहाविरुद्ध वर चढू लागले की अस्वलंही उतरतात, म्हणून तो कमरेला दहा मिलिमीटरचं पिस्तूल लावतो. त्याची काडतुसं डॅड घरी भरतात, रिकाम्या पुंगळ्यांत नवी दारू घालून. आमच्या भागात दुसऱ्याने भरलेलं काडतूस कुणी झाडत नाही. बापाने भरलेलं मात्र कुणी नाकारत नाही.

दोन वर्षांपूर्वी डॅडची नजर मधोमध विझत गेली. दारू तोलायच्या तराजूच्या दांडीवरचं सरकतं वजन ते तेव्हापासून बोटाने चाचपून लावतात, आणि कधीकधी ते एक खाच पुढे बसतं, म्हणजे दारू जास्त पडते. पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हाच बोलायला हवं होतं. त्याऐवजी भरलेल्या काडतुसांची डबी आर्लोकडे पोचवायचं काम मी मागून घेतलं. वाटेत माझ्या घरी पन्नासच्या पन्नास काडतुसं उघडायची, दारू ओतून टाकायची, नीट तोलून पुन्हा भरायची. दोघांनाही पत्ता नव्हता. आज आर्लोने डबी परस्पर डॅडच्या हातून घेतली आणि मी खडीच्या खाणीवर, त्यांच्या नेमबाजीच्या जागी, पोचेपर्यंत पहिला बार काढलाही.

"थांब," मी म्हटलं. "ते खाली ठेव."

"काय झालं, मास्तरीणबाई?" डॅड घडीच्या खुर्चीत बसले होते. शेजारी त्यांचा मित्र वेंडेल कॉफी पीत होता. "बघतोस ना वेंडेल? आठवडाभर गावाच्या नळाचं पाणी तपासते, सुट्टीला माझं पितळ. नवरा काय उगाच पळाला हिचा?"

वेंडेल हसला.

"बोटाने बघा," मी पुंगळी त्यांच्या तळहातावर ठेवली. त्यांचा अंगठा फुगवट्यावर आला आणि तिथेच राहिला. मग त्यांनी ती खडीत भिरकावली.

"पिस्तूल जुनं झालंय. आर्लो, तू मार."

"पण कॅरिन म्हणतेय तर..."

"कॅरिनने जन्मात माझं एक काडतूस झाडलं नाही. तुमची आई झाडायची. हात लटपटायचे, डोळे मिटून घ्यायची, पण झाडायची. तू कुणावर गेलायस ते तरी कळू दे वेंडेलला."

आर्लो चव्वेचाळीस वर्षांचा आहे. त्याने माझ्याकडे न बघता पिस्तूल उचललं.

"आणि हे?" डॅडनी गळ्यातला दोरा बाहेर ओढला. त्यात एक पुंगळी ओवलेली आहे. गेल्या सप्टेंबरात आर्लोच्या अंगावर आलेलं अस्वल सहा पावलांवर आडवं झालं, त्या बाराची. "सांग हिला, कुणाच्या काडतुसाने वाचलास?"

"तुमच्या, डॅड."

"मोठ्याने सांग. हिला मोजायला येतं, ऐकायला येत नाही."

"तुमच्या."

वेंडेलने ही गोष्ट वीसेक वेळा ऐकली असेल. तरी त्याने मान डोलावली. डॅड ती पुंगळी दोन बोटांत फिरवत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर तेवढ्यापुरतं समाधान होतं. आता त्यांच्याकडे तेवढंच उरलं आहे, हे मला माहीत होतं.

घरी, स्वयंपाकघरात, दोघंच असताना मला सांगता आलं असतं. दोन वर्षं होती माझ्याकडे. आर्लोने दोन्ही हातांनी पिस्तूल धरलं आणि नेम घेतला.

"अस्वलाचं ते काडतूस मी भरलं होतं, डॅड," मी म्हणाले. वेंडेलला ऐकू जाईल इतक्या स्पष्टपणे. "दोन वर्षांत तुमचं एकही काडतूस कुणी झाडलेलं नाही, आजचं सोडून. सगळ्यांतली दारू मी ओतून टाकली, पुन्हा तोलून भरली."

आर्लोचे हात खाली आले. डॅडची बोटं दोऱ्यावर थांबली होती.

"यापुढे तुम्ही काडतुसं भरणार नाही. तराजू आणि काडतुसं दाबून बसवायचा प्रेस मी आजच घेऊन जातेय."