परत आलेलं हिमरू

रामकिसन दलाल हैदराबादेहून परतले, तेव्हा आमचा कापडाचा गठ्ठा हमालाच्या डोक्यावर तसाच होता. गाठसुद्धा सुटलेली नव्हती. नूरमोहम्मद विणकर माझ्यापुढं नुसता बसलेला होता. तो उठला नाही.

मित्रांनो, मी औरंगाबादच्या नवाबपुऱ्यातला हिमरूचा माग. कन्नडच्या घाटातल्या सागाचा, सांडू सुतारानं जोडलेला. सुती ताण्यात रेशमाची फुलं भरायची, हे माझं काम. त्याला दोन माणसं लागतात. खाली नूर आडव्या दोऱ्याचा धोटा टाकायचा आणि वर माझ्या तुळईवर बसून त्याची बायको जाहेदा नक्षीच्या दोऱ्या ओढायची.

"अजी, हात चालवा. फूल वाळून चाललं," ती वरून म्हणायची. नूर हसायचा.

आमचं कापड शेरवान्यांसाठी हातोहात जाई. "नूरमियाँ, मी आहे तोवर काळजी नको," असं रामकिसन दरवेळी म्हणत.

आमच्यात एक रीत होती. बयाणा, म्हणजे आगाऊ रक्कम, घेताना बोललेला भाव कापड मागावरून उतरेपर्यंत बदलायचा नाही. स्वस्ताईत ती रीत चांगली होती. मग दूर कुठंतरी लढाई लागली. सूत, रेशीम, ज्वारी, घासलेट, सगळं चढत गेलं. एक थान विणायला महिने लागत. बोललेला भाव जागेवर राही आणि शहागंजच्या बाजारातला सुताचा भाव पुढं जाई. नूरनं जबान पाळली. प्रत्येक थानाबरोबर घरातलं एखादं भांडं विकलं गेलं.

"जबान शिजवून खायची का?" जाहेदानं विचारलं.

"उतरतील भाव. लढाई काय जन्मभर चालते?"

भाव उतरले नाहीत. जाहेदा स्वतःची भाकरी कमी करत होती. नूरला ते दिसलं नाही. मला तुळईवरच्या तिच्या वजनावरून कळत होतं, पण मी लाकूड. हिवाळ्यात ताप आला आणि ती गेली.

घरात तिच्या हातचा थोडा माल बिनबयाण्याचा पडून होता. नूरनं पहिल्यांदाच वाढीव भाव सांगून तो धाडला. तोच हा गठ्ठा.

"या भावानं कोण घेणार?" रामकिसन म्हणाले. "तिकडं परमुलखातलं यंत्राचं कापड आलंय. तिथल्या गिरणीवाल्यांनी सूत स्वस्त होतं तवाच कोठारं भरली. फूल हेच, भाव निम्मा."

"हे फूल त्यांच्याकडं कसं गेलं?"

रामकिसन हमालाकडं बघत राहिले. "नमुना मागितला त्यांनी. मी नसता दिला तर दुसऱ्यानं दिला असता."

"आन् आता तुम्ही काय विकता, शेठ?"

"तेच. मलाबी घर हाय, मियाँ."

मित्रांनो, महागाई आली की लोक घरखर्चाचं बोलतात. मी दुसरंही पाहिलं. आपल्या मुलखात सूत आणि भाकरी महागली की आपला मालही महागतो. मग बाहेरचा माल येऊन आपली जागा घेतो, आणि आपलीच माणसं त्याला वाट दाखवतात. तिथं चांगला हात पुरा पडत नाही. भाव आवरणं ज्यांच्या हाती आहे, त्यांनी ते वेळेत आवरावेत. आणि तुम्ही आपल्या गावच्या कारागिराकडं पाठ फिरवू नका.

नूर अजून रोज माझ्यापुढं येऊन बसतो. दोऱ्या ओढायला मजूर ठेवणं त्याला परवडत नाही. माझ्यावर एका शेरवानीचं कापड चढलेलं आहे. त्यातली निम्मी फुलं भरायची राहिली आहेत.