पडद्यावरचा मेंदू

प्रोफेसरांच्या प्रयोगशाळेत ती सोळा वर्षं तंत्रज्ञ होती. रुग्णाच्या शिरेत किंचित किरणोत्सारी औषध टोचायचं, त्याला यंत्राच्या बोगद्यात सरकवायचं आणि दीड तास "हलू नका हं" म्हणत बसायचं. मग मेंदूच्या गाभ्यात डोपामिन नावाचं रसायन किती तयार होतंय, ते पडद्यावर उजळून दिसे. ज्यांना नसलेले आवाज ऐकू येतात, त्यांच्यात ते जास्त असतं, हे प्रोफेसरांना सिद्ध करायचं होतं.

एकदा सात तपासण्या वाया गेल्या. औषधाची मात्रा प्रोफेसरांनीच बदलायला लावली होती, पण चौकशीत खापर फुटलं तिच्या डोक्यावर. "बाई थकल्यात," ते हळहळून म्हणाले. ज्याच्या हाती ससा तो पारधी! नोकरी गेली आणि ती एका छोट्या दवाखान्यात गुडघ्यांचे एक्स-रे काढू लागली.

"झालं गेलं विसर, बाळा," आई म्हणायची.

ती मान डोलवायची आणि मनात दातओठ खायची.

तीन वर्षांनी प्रोफेसरांचं जाहीर व्याख्यान होतं. ते किती म्हातारे झालेत एवढंच बघायला ती शेवटच्या रांगेत जाऊन बसली.

"हा रुग्ण वर्षभर आवाज ऐकत होता," म्हणत त्यांनी पडद्यावर एक मेंदू दाखवला. डाव्या कानामागे वाटाण्याएवढा पाण्याचा फुगा. निरुपद्रवी, जन्मजात.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तो फुगा तिच्या ओळखीचा होता. तो तिचाच मेंदू होता! तुलनेसाठी निरोगी माणसं कमी पडली तेव्हा तीच यंत्रात झोपली होती. तिचं डोपामिन जरा जास्त निघालं होतं. निरोगी गटात ते अडचणीचं होतं, म्हणून त्यांनी तिला सरळ रुग्ण करून टाकलं!

घरी तिच्या तपासणीची प्रत होती. ती जोडून दुसऱ्याच दिवशी तिने विद्यापीठात तक्रार दिली.

आठवडाभराने प्रोफेसर तिच्या दवाखान्यात गुडघेदुखीवाल्यांच्या रांगेत येऊन बसले. नंबर लागेपर्यंत तिने त्यांना मुद्दाम ताटकळत ठेवलं.

"बाई, तुमची ओळखण्यात चूक झाली, एवढंच लिहून द्या. माझी तीस वर्षांची मेहनत आहे हो."

"बाई थकल्यात, सर," ती म्हणाली, "पण डोळे शाबूत आहेत. पुढचा पेशंट!"

चौकशीत असे आणखी तीन खोटे रुग्ण सापडले, आणि त्या सात तपासण्यांची मात्राही प्रोफेसरांनीच बदलायला लावल्याचं निघालं. शोधनिबंध मागे घेतला गेला, प्रोफेसरांना घरी बसवलं. प्रयोगशाळेतल्या दोन पोरींची शिष्यवृत्तीही बुडाली. त्यांच्यासाठी तिचा जीव तुटला. प्रोफेसरांसाठी नाही.

विद्यापीठाने तिला परत बोलावलं. "आधी लेखी माफी," तिने कळवलं, "आणि तीही सूचनाफलकावर."

माफी लागली. कामाच्या पहिल्या दिवशी ती फलकासमोर उभी राहिली आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून म्हणू लागली, "माझा चष्मा राहिलाय घरी. जरा मोठ्याने वाचून दाखवता?"